जुने फोटो, घरचे अल्बम आणि आठवणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात फोटोंची पत्र्याची पेटी किंवा काळ्या पानांचा अल्बम असेल आणि त्यातली माणसं ओळखणारं कोणी अजून हयात असेल, तर ही उत्तरं तुमच्यासाठी आहेत. बहुतेक जण सुरुवातीला स्कॅनरची चौकशी करतात. आमचा आग्रह उलटा आहे: आधी माणसांबरोबर बसा, स्कॅनिंग नंतर करा. कोरड्या जागी ठेवलेला कृष्णधवल फोटो आणखी पन्नास वर्षं सहज टिकेल. "हा कोण?" याचं उत्तर देणाऱ्या माणसाचा तसा भरवसा नाही.

जुना फोटो हातात आला की विसरलेल्या गोष्टी एकदम कशा आठवतात?

आठवण मेंदूत एका जागी ठेवलेली नसते. प्रसंगाचं दृश्य, आवाज, वास, त्या वेळची भीती किंवा आनंद हे सगळं वेगवेगळ्या भागांत विखुरलेलं असतं आणि हिप्पोकॅम्पस नावाचा भाग त्यांची एकमेकांशी जोडणी सांभाळतो. त्यातला एक तुकडा समोर आला की बाकीचे ओढले जातात. शिवाय, मनाशी शोधून आठवण्यापेक्षा पाहून ओळखणं मेंदूला कितीतरी सोपं जातं. "तुमचं वाड्यातलं घर कसं होतं?" या प्रश्नाचं उत्तर दोन वाक्यांत संपतं. त्याच घराचा फोटो पुढे ठेवला की ओसरी, माजघर, न्हाणीघर, शेजारच्या बिऱ्हाडाशी झालेलं भांडण असं सगळं बाहेर येतं.

मानवशास्त्रज्ञ जॉन कॉलिअर यांनी कॅनडातल्या अभ्यासात फोटो दाखवून घेतलेल्या आणि नुसत्या प्रश्नांवर चालवलेल्या मुलाखतींची तुलना करून १९५७ मध्ये ती प्रसिद्ध केली. फोटो पुढे असताना माणसं जास्त वेळ आणि जास्त नेमकं बोलली. घरीही हाच अनुभव येतो, फक्त एक गोष्ट लक्षात ठेवा: आठवण बहुधा फोटोच्या मधल्या माणसांपेक्षा कडेच्या वस्तूंमधून जागी होते. लग्नाच्या फोटोत नवरानवरीच्या मागे टेकवलेली सायकल, पितळी घंगाळ, भिंतीवरचं कॅलेंडर. म्हणून स्कॅन करताना कडा कापू नका.

घरातल्या मोठ्यांना आधी कोणते फोटो दाखवावेत?

त्यांच्या वयाच्या साधारण १० ते ३० वर्षांमधले. उतारवयात माणसाला सर्वांत जास्त आणि सर्वांत ठळक आठवणी याच काळातल्या असतात. स्मृतीच्या अभ्यासात हे अनेक देशांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. शाळा, पहिली नोकरी, लग्न, नवं गाव, पहिलं मूल हे सगळं पहिल्यांदा घडतं ते याच वर्षांत. आज ८५ वर्षांच्या असलेल्या आजीला नातवाच्या मुंजीच्या अल्बमपेक्षा स्वतःच्या शाळेचा गटफोटो जास्त बोलतं करेल. नातवंडं मात्र नेमके स्वतःच्या लहानपणाचे फोटो घेऊन बसतात, कारण ते त्यांना प्रिय असतात.

फोटो घेऊन बसायचं कसं?

सकाळची वेळ, चहा-नाश्ता झाल्यावर. एका बैठकीला ८ ते १० फोटो आणि ३० ते ४५ मिनिटं पुरे. अख्खा अल्बम एकदम उघडला की पानं उलटली जातात, "हं, हा बंडू, ही कुसुम" एवढं होतं आणि हाती काही लागत नाही.

बैठकीआधी प्रत्येक फोटो वेगळ्या कागदी लिफाफ्यात घाला आणि लिफाफ्यावर नंबर टाका. खिडकीजवळ बसा, म्हणजे उजेड बाजूने येईल आणि चकाकी येणार नाही. चष्मा पुसून द्या. आगपेटीएवढ्या प्रिंट असतील तर भिंग ठेवा, किंवा मोबाइलने फोटो काढून ए-४ कागदावर मोठी प्रत काढून ठेवा. तरी मूळ फोटो त्यांच्या हातात द्याच. जाड कागदाचा स्पर्श आणि पाठीमागचं अक्षर यांनीही आठवणी जाग्या होतात.

फोनवर रेकॉर्डिंग लावा. फोन एअरप्लेन मोडवर टाकून घडी घातलेल्या रुमालावर ठेवा, बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर. पंखा बंद करा, निदान मंद करा. पंख्याची घरघर आणि कुकरच्या शिट्ट्या यांनी सर्वांत जास्त रेकॉर्डिंग वाया जातात. प्रत्येक वेळी मोठ्याने म्हणा: "फोटो नंबर चौदा." हे राहिलं तर सहा महिन्यांनी "हा इथे उभा आहे ना, तो" म्हणजे कोण, हे कुणालाच कळणार नाही. आणि रेकॉर्डिंग चालू आहे हे त्यांना आधी सांगा.

पहिला प्रश्न मोकळा ठेवा: "आजी, यात काय काय दिसतंय तुला?" मग चौकटीबाहेर जा. फोटो कोणी काढला? त्या दिवशी घरात असून फोटोत नाही असं कोण? फोटो काढून झाल्यावर सगळे कुठे गेले, काय जेवले? ही साडी कोणाची? आमच्या मते "यात कोण नाही?" हा सगळ्यांत मोलाचा प्रश्न आहे. विधवा असल्यामुळे मागे राहिलेली आत्या, रुसून बसलेला काका, स्वयंपाकघरातून बाहेर न आलेली आजी, यांच्या गोष्टी फक्त या प्रश्नाने बाहेर येतात.

"आठवतंय का?" असं विचारू नका, परीक्षा घेतल्यासारखं वाटतं. उत्तर लगेच आलं नाही तर दहा सेकंद गप्प राहा. आणि सून, मुलगा, नातवंडं सगळी भोवती बसून "नाही हो, ते अठ्ठ्याहत्तर साल होतं" अशी दुरुस्ती करू लागली की बोलणारं माणूस मिटतं. एकानेच बसावं, फार तर दोघांनी.

साल कोणालाच आठवत नाही. मग काय करावं?

आकडा विचारू नका, आधी-नंतर विचारा. पुण्याच्या माणसाला पानशेतच्या पुराआधीचं की नंतरचं (१२ जुलै १९६१), कराड-साताऱ्याकडे कोयनेच्या भूकंपाआधीचं की नंतरचं (११ डिसेंबर १९६७), लातूर-धाराशिवकडे किल्लारीच्या आधीचं की नंतरचं (३० सप्टेंबर १९९३). ७२ चा दुष्काळ आणि आणीबाणी तर जवळजवळ सगळ्यांना चालते. त्याहून बारीक पकड मुलांच्या जन्मांनी मिळते: "तेव्हा कडेवर कोण होतं?" मात्र त्या मुलांची जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावरून घेत असाल तर सांभाळून. दाखल्यावर १ जून असेल तर ती बहुधा मास्तरांनी नाव घालताना टाकलेली तारीख आहे.

पाठीमागे शके लिहिलं असेल तर त्यात ७८ मिळवा. जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंतचा दिवस असेल तर ७९.

फोटोवरूनच काळ ओळखायच्या काही खुणा आहेत का?

आहेत, पण एकाच खुणेवर विसंबू नका. पांढऱ्या कडेचा, आगपेटीपेक्षा थोडा मोठा चौकोनी फोटो दिसला तर तो १२० फिल्मच्या ६ × ६ सेंटिमीटर निगेटिव्हवरून थेट, मोठा न करता काढलेला असण्याची शक्यता मोठी. अ‍ॅग्फा क्लिक थ्रीसारख्या, एका रोलमध्ये बारा फोटो देणाऱ्या साध्या कॅमेऱ्यांनी आपल्याकडच्या कितीतरी घरांचे असे फोटो काढले. स्टुडिओच्या शिक्क्यात सहा आकडी पिन कोड असेल तर शिक्का १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा, कारण पिन त्या दिवशी सुरू झाले. नुसतं "मुंबई ४" असेल तर बहुधा त्याआधीचा. गाडीची पाटी एमएच असेल तर फोटो १९८९ च्या आधीचा नाही. पाठ प्लॅस्टिकसारखी गुळगुळीत असेल तर प्रिंट सत्तरच्या दशकातली किंवा नंतरची समजा.

इथे एक फसगत होते. शिक्का आणि कागद सांगतात ते प्रिंट कधी काढली ते. फोटो कधी घेतला ते त्यावरून कळत नाही. माणूस गेल्यावर भिंतीवर लावण्यासाठी गटफोटोतून चेहरा मोठा करून घेण्याची पद्धत घरोघरी होती; अशी प्रिंट मूळ फोटोपेक्षा तीस वर्षांनी नवी असू शकते. आणि स्टुडिओतला कोट, मनगटी घड्याळ, रेडिओ, फुलदाणी हे बऱ्याचदा स्टुडिओचंच असे. त्यावरून घरच्या सुबत्तेचा अंदाज बांधू नका.

पाठीमागे काय लिहावं आणि कशाने?

जुन्या, कागदी पाठीच्या फोटोवर मऊ पेन्सिलने, २बी किंवा ४बी. फोटो स्वच्छ काचेवर पालथा ठेवून, कडेला, हात हलका ठेवून. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उठतो आणि शाई पाझरते. गुळगुळीत पाठीवर पेन्सिल उमटत नाही. तिथे फोटोसाठी मिळणारा पिगमेंट शाईचा बारीक मार्कर घ्या, शाई पूर्ण वाळू द्या, मगच फोटो एकावर एक ठेवा. मनात शंका असेल तर फोटोवर लिहूच नका, लिफाफ्यावर लिहा.

आता काय लिहावं. "माई, नाना, अक्का" एवढं लिहून भागत नाही. प्रत्येक घरात एक माई असते, आणि दोन पिढ्यांनी ती कोणाची कोण हे कोणी सांगू शकत नाही. पूर्ण नाव लिहा. बायकांच्या बाबतीत माहेरचं नाव आणि सासरचं नाव, दोन्ही. लग्नात नाव बदलण्याच्या चालीमुळे शाळेच्या फोटोतली "शकुंतला" आणि मंगळागौरीच्या फोटोतली "सुमती" ही एकच बाई आहे हे वंशावळीत हरवतं, आणि तिच्यासोबत तिचं अर्धं आयुष्य हरवतं. मग जागा, साल (अंदाज असेल तर "सुमारे" लावून), रांग: उभे डावीकडून, खुर्चीवर डावीकडून, खाली बसलेली मुलं. डावीकडून म्हणजे पाहणाऱ्याच्या डावीकडून. शेवटी ही माहिती कोणी सांगितली आणि कोणत्या तारखेला. आज खात्रीचं वाटणारं उद्या तपासावं लागतं.

मला दोन वर्षांचा असतानाचा प्रसंग स्पष्ट आठवतो. ती आठवण खरी की फोटोतून आलेली?

बहुधा फोटोतून आणि घरच्यांच्या बोलण्यातून. साधारण तीन-साडेतीन वर्षांच्या आधीच्या प्रसंगांच्या आठवणी मोठेपणी सहसा राहत नाहीत. एक खूण पाहा: आठवणीत तुम्ही स्वतःला बाहेरून पाहत असाल, फोटोतल्याच कोनातून, फोटोतल्याच कपड्यांत, तर चित्राने जागा घेतली असण्याची शक्यता वाढते. पुरावा नव्हे, खूणच. जुन्या खऱ्या आठवणीही कधी कधी बाहेरून दिसतात.

फोटोची ताकद किती आहे हे २००२ च्या एका प्रयोगात दिसलं. मोठ्या माणसांना त्यांच्या लहानपणीचे फोटो दाखवले गेले आणि त्यांत एक बनावट मिसळला: ते गरम हवेच्या फुग्यात बसले आहेत असा. फुग्याची सैर कधी झालीच नव्हती. दोन आठवड्यांत तीन मुलाखती झाल्यावर वीसपैकी दहा जणांनी ती थोडीफार तरी "आठवल्याचं" सांगितलं. ही माणसं खोटं बोलत नव्हती. आठवताना मेंदू दर वेळी प्रसंग नव्याने जुळवतो आणि समोरचं चित्र त्यात वापरून टाकतो.

दोन भावंडं एकाच फोटोची वेगळी गोष्ट सांगतात. कोणाचं धरायचं?

दोघांचं, नावानिशी, वेगवेगळं. त्यांना एकत्र बसवून निकाल लावू नका. घराच्या दृष्टीने मतभेद हीसुद्धा माहितीच आहे.

कृष्णधवल फोटो एआयने रंगीत किंवा हलता करून घ्यावा का?

भिंतीसाठी हवा तर घ्या, पण मूळ स्कॅनच्या जागी ठेवू नका, नावात "रंग नंतर भरलेले" असं स्पष्ट लिहा आणि आठवणी विचारून झाल्याशिवाय मोठ्यांना दाखवू नका. कृष्णधवल फोटोत रंगांची नोंदच नसते. संगणक अंदाज करतो. आजीच्या शालूचा रंग त्याने राणी दाखवला की काही बैठकांनंतर तो राणीच आठवू लागतो.

शिवाय पूर्वीच्या अनेक फिल्मना लाल रंग जवळपास दिसत नसे. त्यामुळे लाल कुंकू काळं उतरतं, लाल काठ काळा दिसतो, त्वचा आहे त्याहून सावळी येते. "पणजीबाई काळ्या होत्या" हे घराण्यातलं मत कधी कधी फक्त फिल्मचा गुण असतो. हलते फोटो याहून जास्त त्रास देतात: ज्या माणसाचं हसणं घरातल्यांना खरोखर आठवतं, त्याच्या चेहऱ्यावर परकं हसू दिसतं. आमच्या मते ते टाळावं.

सत्तर-ऐंशीच्या दशकातले रंगीत फोटो लाल-तांबडे का झाले?

रंगीत प्रिंटमध्ये निळसर, किरमिजी आणि पिवळा अशा तीन रंगद्रव्यांचे थर असतात. त्या काळच्या कागदांत निळसर द्रव्य अंधारात, पेटीत ठेवूनही विरत जाई. उरतं ते लाल-पिवळं. भिंतीवर उन्हात टांगलेल्या फोटोत उलट किरमिजी आधी उडतो. कागदावर हे परत आणता येत नाही. स्कॅन करताना स्कॅनरच्या सेटिंगमध्ये ४८ बिट रंग (रंगांच्या जास्त बारीक छटा टिपणारा पर्याय) निवडला तर संगणकावर बरंच सावरता येतं. म्हणून स्कॅनिंगची घाई करायचीच असेल तर या रंगीत फोटोंची करा. पन्नास सालचे कृष्णधवल थांबू शकतात.

चिकट पानांच्या अल्बममधून फोटो निघत नाहीत. ओढावेत का?

नाही. पारदर्शक पापुद्रा आणि खाली गोंदाच्या रेघा असे ते अल्बम फोटोंचे शत्रू आहेत. गोंद वर्षागणिक कडक होतो आणि डाग सोडतो. आधी पान आहे तसं स्कॅन करा. मग दात साफ करायचा, मेण न लावलेला धागा फोटोच्या कोपऱ्याखाली सरकवा आणि करवतीसारखा मागेपुढे करत पुढे न्या. फोटो वाकवू नका. धागा अडला तर तिथेच थांबा आणि ते पान कापून जसंच्या तसं ठेवा.

फ्रेमच्या काचेला चिकटलेल्या फोटोचंही तेच. काचेसकट स्कॅन करा. ओढला तर चेहरा काचेवर राहतो.

बुरशी, ओल आणि पुराचं काय?

हवेतली आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर राहिली की फोटोच्या जिलेटिनवर, म्हणजे चित्र धरून ठेवणाऱ्या थरावर, बुरशी धरते. कोकणात आणि मुंबईत पावसाळाभर आर्द्रता त्याहून वरच असते, म्हणून तिथे पोटमाळा आणि बाहेरच्या भिंतीला लागून असलेलं कपाट वर्ज्य. घट्ट झाकणाच्या डब्यात फोटो कागदी लिफाफ्यांत ठेवा, सोबत सिलिका जेल, म्हणजे ओल शोषणारे, रंग बदलणारे खडे. त्यांचा रंग बदलला की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दीड-दोन तास सुकवून परत घाला. डब्यात फोटो भरायचे ते कोरड्या दिवसांत, डिसेंबर-जानेवारीत. जुलैत भरले तर ओलही आत बंद होते. डांबराच्या गोळ्या नकोत.

बुरशी आलेला फोटो ओल्या फडक्याने पुसू नका. बुरशीने जिलेटिन विरघळण्याजोगं झालेलं असतं. चित्रच पुसलं जातं. सावलीत पंख्याखाली पूर्ण वाळवा, मग मास्क लावून, घराबाहेर, मऊ ब्रशने झाडा.

सांगली-कोल्हापूरला २०१९ मध्ये आणि चिपळूणला २०२१ मध्ये पूर आला, तेव्हा अनेक घरांत फोटोंचे गठ्ठे ओले झाले. असा गठ्ठा तसाच वाळू देणं ही सर्वांत मोठी चूक. वाळताना फोटो एकमेकांना कायमचे चिकटतात. ओले असतानाच थंड, स्वच्छ पाण्यात ठेवून अलगद सुटे करा, चित्राच्या बाजूला बोट लावू नका, आणि कोऱ्या कागदावर चित्र वर करून वाळवा. वर्तमानपत्र नको, त्याची शाई लागते. हे ४८ तासांत झालं पाहिजे. जमणार नसेल तर मध्ये बटर पेपर घालून पिशवीत बांधा आणि फ्रीझरमध्ये टाका. नंतर सवडीने काढता येतात. हाताने रंगवलेले फोटो आणि घरच्या इंकजेटवर काढलेल्या प्रिंट पाण्यात बुडवू नका, रंग सुटतो.

स्कॅन किती डीपीआयने करावं?

डीपीआय म्हणजे स्कॅनर एका इंचात किती ठिपके टिपतो ते. ४ × ६ इंचांची प्रिंट ६०० डीपीआयने. त्यातून २४०० × ३६०० पिक्सेल मिळतात आणि टिफ फाइल (चित्र न दाबता जपणारी) नेहमीच्या २४ बिट रंगात साधारण २६ एमबीची होते, ४८ बिटमध्ये दुप्पट. आगपेटीएवढी प्रिंट १२०० ने. ३५ एमएम निगेटिव्ह असेल तर ती शोधाच, प्रिंटपेक्षा तिच्यात जास्त तपशील असतो. ३२०० डीपीआयने, निगेटिव्हसाठी खालून प्रकाश देणाऱ्या स्कॅनरवर. मूळ प्रत टिफमध्ये ठेवा आणि नातेवाइकांना जेपीईजी (लहान आकाराची फाइल) पाठवा. व्हॉट्सअ‍ॅपवर "डॉक्युमेंट" म्हणून पाठवा, नाहीतर चित्र दाबलं जातं. तीन प्रती ठेवा, त्यातली एक दुसऱ्या गावात. पाठीमागे काही लिहिलेलं असेल तर पाठही स्कॅन करा.

घरातल्या माणसाला स्मृतिभ्रंश आहे. फोटोंचा उपयोग होतो का?

आजार थांबत नाही. पण मूड, गप्पा, सोबत यांना मदत होते. अभ्यासांत दिसलेले फायदे लहान आहेत आणि सगळ्यांना सारखे मिळत नाहीत. पद्धत बदला. "ही कोण, ओळख पाहू?" असं कधीच विचारू नका, नाव तुम्हीच सांगा: "ही तुमची धाकटी बहीण, विमलमावशी. किती छान अंबाडा घातलाय!" एका वेळी एकच फोटो, मोठ्या आकाराचा, पंधरा-वीस मिनिटं. संध्याकाळी अस्वस्थता वाढत असेल तर दुपारच्या आत उरका. आईचा फोटो पाहून त्या "आई कुठे गेली?" विचारू लागल्या तर दर वेळी मृत्यूची बातमी देऊ नका, त्यांना ती दर वेळी नवी असते. "आई तुमचे लाड करायची ना?" असं म्हणून आईबद्दल बोलतं करा.

गेलेल्या माणसाचा फोटो पाहून घरात रडारड होते. दाखवू नये का?

रडू येणं म्हणजे अपाय झाला असं नाही. जुन्या फोटोने येणारी हुरहूर गोडही असते आणि दुखतेही. विचारून दाखवा, "आज नको" म्हटलं तर ऐका. अपघाती किंवा अकाली मृत्यू नुकताच झाला असेल तर घाई नकोच.

मोबाइलमध्ये हजारो फोटो आहेत, तरी सहली आठवत का नाहीत?

२०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, संग्रहालयात केलेल्या एका प्रयोगात लोकांना फोटो काढलेल्या वस्तू नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षा कमी आठवल्या. वस्तूच्या एखाद्या भागावर झूम करून फोटो घेतल्यावर मात्र हा तोटा झाला नाही; तिथे लक्ष द्यावं लागलं होतं. आणि काढलेले फोटो आपण पुन्हा पाहत नाही. महिन्याला दहा फोटो निवडा, प्रत्येकाखाली दोन ओळी लिहा, वर्षाअखेर त्यांच्या प्रिंट काढा. बाकीचे पुसायचे की ठेवायचे हा नंतरचा प्रश्न.

आमच्या घरात जुने फोटोच नाहीत. मग?

ही परिस्थिती फार घरांची आहे. फोटो काढणं खर्चाचं होतं, आणि अनेक बायकांचा आयुष्यातला पहिला फोटो मतदार ओळखपत्रासाठी निघाला. आधी तेच शोधा: मतदार ओळखपत्र, बँकेचं पासबुक, पेन्शनचे कागद, गिरणीचा पास. मग दुसऱ्यांच्या अल्बमांत शोधा. शाळेचे वर्गफोटो, शेजाऱ्यांच्या लग्नाचे फोटो, भजनी मंडळाचा किंवा तालमीचा गटफोटो. तुमची पणजी दुसऱ्या कोणाच्या तरी लग्नात मागच्या रांगेत उभी असू शकते. तेही नसेल तर चित्र त्यांच्याकडूनच काढून घ्या: मोठा कागद आणि पेन्सिल देऊन घराचा नकाशा मागा. चूल कुठे, पाणी कुठून आणायचं, कोण कुठे झोपायचं, उंबऱ्यापासून विहीर किती पावलांवर. नकाशा काढता काढता माणसं फोटोइतकीच बोलतात. त्या कागदावर तारीख घाला, काढणाऱ्याचं पूर्ण नाव लिहा आणि तोही ६०० डीपीआयने स्कॅन करा.